ट्रान्झिस्टर ६०० मेगाहर्ट्झचा, ॲम्प्लिफायर मात्र ३० लाच धापा टाकतो

गेले चार महिने एकच वेड लागलंय. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली. माझ्याकडे स्वतः जोडलेला एचएफचा (३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या शॉर्टवेव्हचा) सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायर आहे, म्हणजे रेडिओची पॉवर वाढवणारा डबा, आत एकच एलडीमॉस (रेडिओ पॉवरचा ट्रान्झिस्टर), बीएलएफ १८८ एक्सआर, १.८ ते ३० मेगाहर्ट्झ झकास चालतो, आणि मला तो ६ मीटरवर म्हणजे ५० मेगाहर्ट्झलाही चालवायचाय. वाटलं एका रविवारचं काम आहे, फिल्टर बोर्डवर अजून एक लो पास फिल्टर लावायचा, एक रिले वाढवायचा, झालं. कारण डेटाशीट उघडली तर हा ट्रान्झिस्टर १४०० वॅटचा आणि ६०० मेगाहर्ट्झपर्यंतचा आहे, मग ५० म्हणजे त्याच्यासाठी दर्या में खसखस नाही का.

फिल्टर लावला, डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर गिळणारा रेझिस्टर) जोडला, ड्राइव्ह म्हणजे इनपुटची पॉवर दिली. १४ मेगाहर्ट्झला ५० व्होल्टवर २८ अँपिअर खाऊन ९०० वॅट देणारा गडी ५० मेगाहर्ट्झला १८ अँपिअर खाऊन कसाबसा ३०० वॅट देत होता. म्हणजे आत ९०० वॅट जातायत, बाहेर ३०० येतायत, आणि उरलेले ६०० हीटसिंकच्या बोकांडी. मी लगेच ड्राइव्ह बंद केला आणि तासभर नुसती त्या बोर्डकडे बघत बसले.

आधी एक कबुली देऊन टाकते म्हणजे पुढचं सोपं होईल. त्या ३०० वॅटमधली निम्मी चूक ॲम्प्लिफायरची नव्हतीच. एलडीमॉसचा गेट, म्हणजे इनपुटचं टोक, हा सरळ सरळ एक कपॅसिटर असतो, एका बाजूला काही शे पिकोफॅरड. ५०० धरले तर १.८ मेगाहर्ट्झला त्याची रिॲक्टन्स (एसीला होणारा अडथळा) १७७ ओहम येते, कुणाला जाणवतही नाही, पण ५० मेगाहर्ट्झला तीच सव्वासहा ओहमवर येते, म्हणजे गेट जवळजवळ शॉर्टच. त्यामुळे इनपुटचा एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते याचं माप, एक म्हणजे उत्तम) चारच्या वर गेला होता आणि माझा ट्रान्सीव्हर, म्हणजे रेडिओ सेट, शहाण्या बाळासारखा स्वतःची पॉवर कमी करून बसला होता, आणि मी मात्र समजतेय की ड्राइव्ह पूर्ण आहे आणि पुढचा डबाच मेलाय. वॉटमीटर फक्त आउटपुटला लावायची सवय असली की हे असं होतं. इनपुटला ॲटेन्युएटर (पॉवर मुद्दाम कमी करणारा तुकडा) टाकला, गेट ट्रान्सफॉर्मरच्या आधी छोटं कॉइल आणि रेझिस्टरचं कॉम्पेन्सेशन केलं, ड्रेनकडून (आउटपुटच्या टोकाकडून) गेटकडे रेझिस्टर आणि कॉइल सिरीजमध्ये घालून फीडबॅक दिला, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीला जो जास्तीचा गेन असतो तो खाल्ला जातो आणि वर जाताना फीडबॅक आपोआप सैल पडतो. एलडीमॉसला गेन इतका असतो की त्यातला ५-६ डीबी असा उधळला तरी काही बिघडत नाही, शंभर वॅटच्या ट्रान्सीव्हरमागे लावायचा असेल तर नाहीतरी ॲटेन्युएटर लागतोच. उलट खालच्या टोकाला गेन मोकाट सोडला तर ॲम्प्लिफायर आपल्या मनानेच ऑसिलेट व्हायला लागतो आणि ते दुखणं भलतंच महागात जातं.

हे सगळं केल्यावर ५० मेगाहर्ट्झला ४८० वॅट यायला लागले, २४ अँपिअरवर. म्हणजे एफिशियन्सी ४० टक्के. ७२० वॅटची उष्णता. गंमत बघा, १४ मेगाहर्ट्झला जवळपास दुप्पट पॉवर काढताना यापेक्षा कमी, पाचशे वॅटच उष्णता होत होती. तांब्याची स्प्रेडर प्लेट असूनही पंखा ओरडायला लागला.

आता खरा प्रश्न. ट्रान्झिस्टर ६०० चा आहे, गेट सुधारला, तरी ५० ला का दमतो? इथे मी बरेच दिवस चुकीच्या जागी शोधत होते. बोडे यांनी १९४५ मध्ये आणि फॅनो यांनी १९५० मध्ये मांडलेली एक मर्यादा आहे, तिचा सारांश एवढाच की लोडला समांतर कपॅसिटन्स असेल तर जितका रुंद बँड घ्याल तितकं मॅचिंग कच्चं राहणार, दोन्ही हवं म्हटलं तर मिळणार नाही. हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून मी ट्रान्झिस्टरच्या आउटपुट कपॅसिटन्सलाच चोर ठरवलं. मग एकदा शांतपणे कागदावर आकडे लिहिले. एका बाजूचे साधारण २०० पिकोफॅरड धरले तर पुश-पुलमध्ये (दोन बाजू आळीपाळीने राबतात ती जोडणी) दोन ड्रेनच्या मधे १०० दिसतात. ड्रेनपासून ड्रेनपर्यंत लोड किती? ५० ओहमला १:९ चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ५.५५ ओहम. (५० व्होल्टवर हा लोड बरोबर ९०० वॅट देतो, दोन गुणिले व्होल्टेजचा वर्ग भागिले लोड. १:१६ घेतला तर १६०० वॅटचं गणित येतं पण मग बाकी सगळंच अजून अवघड होतं, त्या वाटेला मी गेले नाही.) ५.५५ ओहम आणि १०० पिकोफॅरड, म्हणजे कपॅसिटन्सने नुकसान करायला लागण्याची फ्रिक्वेन्सी २९० मेगाहर्ट्झच्या आसपास. पन्नासला तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग ट्रान्सफॉर्मरकडे वळले. तो नेहमीचाच, दोन पितळी नळ्या, त्यावर फेराइटच्या नळ्या, आणि नळ्यांतून टेफ्लॉन वायरचे तीन फेरे. पितळी नळ्यांची बाजू शॉर्ट केली आणि ५० ओहमच्या बाजूने व्हीएनएने (नेटवर्क ॲनालायझरने) इंडक्टन्स मोजला, म्हणजे लीकेज, दोन वाइंडिंग पूर्ण न जुळल्याने उरणारा इंडक्टन्स. १८० नॅनोहेन्री. ऐकायला काहीच नाही वाटत ना? पण ड्रेनच्या बाजूला आणताना नऊने भागायचं, २० नॅनोहेन्री. आणि २० नॅनोहेन्रीची रिॲक्टन्स ५० मेगाहर्ट्झला ६.३ ओहम होते. लोड स्वतः ५.५५ ओहमचा आणि त्याच्या वाटेत ६.३ ओहम आडवे! १.८ मेगाहर्ट्झला हेच पाव ओहमसुद्धा नाही, म्हणून खाली सगळं गोडीगुलाबीत चाललेलं. ४४ मेगाहर्ट्झला लीकेज लोडच्या बरोबरीला येतं, म्हणजे माझा ॲम्प्लिफायर नेमका ज्या जागी धापा टाकायला लागला ती जागा ट्रान्झिस्टरने ठरवलेली नव्हतीच, तीन फेरे वायरने ठरवलेली होती.

हे कळल्यावर मला बोर्ड वेगळाच दिसायला लागला. एक सेंटिमीटर वायर म्हणजे ढोबळमानाने ८ ते १० नॅनोहेन्री. ड्रेनच्या पट्टीपासून ट्रान्सफॉर्मरच्या नळीपर्यंत मी ऐसपैस सेंटिमीटरभर जागा सोडलेली, सोल्डरिंगला बरं पडावं म्हणून! एचएफमध्ये चालून गेलं. ५० ला तो सेंटिमीटर म्हणजे अडीच-तीन ओहम. अशा ठिकाणी पाच ओहमच्या सर्किटमध्ये वायर ही वायर राहत नाही, ती कॉइलच असते, आपण फक्त तिला स्किमॅटिकमध्ये काढलेलं नसतं. मोजतानाही हेच नडतं. ट्रान्सफॉर्मर तपासायला ड्रेनच्या बाजूला ५.६ ओहमचा रेझिस्टर लावला तर त्याच्या पायांचाच इंडक्टन्स वाचला जातो, म्हणून मी शेवटी एसएमडी रेझिस्टर शेजारी शेजारी पॅरलल लावून रुंद पट्टीसारखा लोड केला तेव्हा कुठे आकडे पटायला लागले.

लीकेज मारायचा पहिला उपाय सगळ्यांना माहीत असलेला, दोन्ही बाजूंना कपॅसिटर लावायचे, म्हणजे लीकेज, हे दोन कपॅसिटर मिळून एक लो पास फिल्टरचा तुकडा होतो आणि लीकेज त्यात पचून जातं. कागदावर सुंदर सुटतं. माझ्या २० नॅनोहेन्रीला ड्रेनच्या बाजूला सव्वातीनशे पिकोफॅरडच्या आसपास लागतात. पण त्या कपॅसिटरमधून पूर्ण पॉवरला करंट किती जातो हे बघितलं का? ५.५५ ओहमवर ९०० वॅट म्हणजे ७० व्होल्ट, आणि त्या कपॅसिटरची ५० मेगाहर्ट्झची रिॲक्टन्स जेमतेम दहा ओहम, म्हणजे सात अँपिअर आरएफ करंट एका बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यातून. मी आधी एकच लावला होता. दोन मिनिटं सलग कॅरियर दिला आणि कपॅसिटरने स्वतःचंच सोल्डर वितळवून बोर्डवरून उठून जायची तयारी केली, एक पाय वर, एक पाय खाली. मग चार छोटे कपॅसिटर पॅरलल लावून करंट वाटून दिला, ड्रेनची पट्टी ट्रान्सफॉर्मरला टेकेल इतकी जवळ आणली, आणि ४८० चे ५६० झाले. बरं झालं, पण समाधान नाही.

थोडं मागे जाते. ही लढाई मी आधी एकदा हरलेय, व्हॅक्यूम ट्यूबवर. ३-५००झेड नावाच्या दोन ट्यूबवाला जुना लिनियर, म्हणजे ॲम्प्लिफायर होता, ही ट्यूब ११० मेगाहर्ट्झपर्यंतची आहे, त्यामुळे तेव्हाही मला असंच वाटलेलं की ५० सहज जमेल. पण पाय (π) नेटवर्कचं, म्हणजे आउटपुटच्या कॉइल-कपॅसिटरच्या टँकचं गणित करा. ॲनोडचा लोड साधारण २१०० ओहम आणि क्यू (टँकची तीक्ष्णता) १२ ठेवायचा तर ट्यूनिंग कपॅसिटर १.८ मेगाहर्ट्झला ५०५ पिकोफॅरड लागतो, २९ ला ३१, आणि ५० ला फक्त १८. अठरा! दोन ट्यूबचे स्वतःचेच दहाएक, वायरिंग आणि चॅसिसचे अजून काही, आणि एवढा मोठा व्हेरिएबल पूर्ण उघडला तरी त्याचे पंचवीस-तीस उरतातच. म्हणजे कपॅसिटर शून्यावर आणूनही हवा त्याच्या दुपटीहून जास्त जागेवरच हजर. मग क्यू पंचवीस-तीसवर जातो, कॉइलमधला फिरता करंट वाढतो आणि कॉइलचा स्वतःचा क्यू २०० असेल तर नुसत्या टँकमधला तोटा सहा टक्क्यांवरून तेरा-चौदावर जातो. १.८ साठी मोठा कपॅसिटर हवा आणि तोच मोठेपणा ५० ला गळ्याशी येतो. तोकडं पांघरूण आहे हो हे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे.

ट्यूबमध्ये अजून एक छळवादी पार्ट असतो, प्लेट चोक, ॲनोडला डीसी पुरवताना आरएफ अडवणारी कॉइल. त्याला खालच्या बँडसाठी भरपूर फेरे लागतात आणि भरपूर फेरे म्हटलं की वर कुठेतरी सिरीज रेझोनन्स येतो, आणि नेमका तिथे ट्रान्समिट केलं की चोकवर काही हजार व्होल्ट तयार होऊन तो जळतो. जुने चोक त्या काळच्या बँडपासून रेझोनन्स बाजूला पडेल असे गुंडाळलेले असायचे. मग १९७९ च्या जिनिव्हाच्या परिषदेत हौशी लोकांना १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे नवे बँड मिळाले आणि ज्यांनी जुन्या ॲम्प्लिफायरवर ते चालवून बघितले त्यांच्यातल्या काहींना रेझोनन्स कुठे लपवून ठेवला होता ते धुरावरून कळलं. रेंज वाढवायची म्हणजे फक्त वरचं टोक ताणायचं असं नाही, मधल्या ज्या जागा कुणी कधी तपासल्याच नाहीत त्याही अंगावर येतात. (आणि तीन हजार व्होल्टच्या डब्यात हात घालणाऱ्यांनो, प्लग काढून, बीप्लस (हाय व्होल्टेजची तार) चेसिसला शॉर्ट करून, मग परत एकदा मीटरने बघून. यात चेष्टा नाही.)

जुन्या ॲम्प्लिफायरमधल्या रेंज वाढवण्याचा एक प्रकार तर तांत्रिक नव्हताच. १९७८ मध्ये अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, सीबीवाल्यांच्या (२७ मेगाहर्ट्झचा सर्वसामान्यांचा रेडिओ) हाती किलोवॅट पडू नये म्हणून १० मीटरवर (२८ मेगाहर्ट्झला) चालणारे ॲम्प्लिफायर विकण्यावर बंधनं आणली, म्हणून हीथकिटच्या एसबी-२२० नंतर आलेल्या एसबी-२२१ मध्ये १० मीटर गायब. त्यामुळे त्या पिढीच्या डब्यांमध्ये हॅमनी स्वतः कॉइलला टॅप मारून, स्विचची एक जागा मोकळी करून १० मीटर परत आणला. तिथे फिजिक्स आडवं नव्हतं, कायदा होता, म्हणून तासाभरात काम व्हायचं. माझ्यासमोर फिजिक्स आहे आणि ते टॅप मारून ऐकत नाही.

तर परत एलडीमॉसकडे. कपॅसिटन्स किंवा इंडक्टन्स काढून टाकता येत नसेल तर त्याला ट्रान्समिशन लाइनचा भाग करून टाकायचं, ही कल्पना जुनी आहे आणि मला फार आवडते. पर्सिव्हल यांचं डिस्ट्रिब्युटेड ॲम्प्लिफायरचं पेटंट १९३६ चं, त्यात अनेक ट्यूबच्या कपॅसिटन्सना मधे मधे कॉइल घालून कृत्रिम लाइन बनवली, मग १९४८ मध्ये गिंझ्टन, ह्यूलेट, जॅसबर्ग आणि नो यांचा पेपर आला आणि त्यावर ऑसिलोस्कोपसारखी रुंद बँडची यंत्रं उभी राहिली. पॉवरसाठी ते तसंच्या तसं वापरणं उधळपट्टी आहे, सगळे डिव्हाइस सारखे राबत नाहीत, काही नुसते ऊब घेत बसतात. पण ट्रान्सफॉर्मरला तोच न्याय लावता येतो, आणि ते काम गुआनेला यांनी १९४४ मध्येच करून ठेवलंय.

वायरच्या फेऱ्यांऐवजी कोॲक्सचे (आत तार, बाहेर जाळी अशा केबलचे) तीन तुकडे घ्यायचे, ड्रेनच्या बाजूला तिन्ही पॅरलल आणि आउटपुटला तिन्ही सिरीज. तिन्ही १६.७ ओहमचे असले तर एका टोकाला ५.५५ आणि दुसऱ्या टोकाला ५० ओहम, अगदी नेमके. आता आतल्या तारेचा इंडक्टन्स आणि बाहेरच्या ब्रेडशी (जाळीशी) असलेला कपॅसिटन्स मिळून लाइन होते, लीकेज म्हणून वेगळं काही शिल्लकच राहत नाही, जोडणीच्या टोकांना जे काय राहील तेवढंच. ही १७ ओहमच्या आसपासची कोॲक्स सहज हाती येत नाही, २५ ओहमची मिळते पण ती १:४ ची, नाहीतर मग ३५ ओहमच्या दोन पॅरलल घालून साडेसतरा होतात ते चालतं. मी तसंच केलं. लांबी सर्वात वरच्या फ्रिक्वेन्सीच्या वेव्हलेंग्थच्या आठव्या भागाच्या आत ठेवतात, टेफ्लॉन कोॲक्समध्ये ५४ मेगाहर्ट्झला ती ४९ सेंटिमीटर येते, माझे तुकडे वीसचे होते, म्हणजे भरपूर सूट.

पहिल्यांदा सोल्डर केलं तेव्हा मी तिसऱ्या तुकड्याची ब्रेड आणि आतली तार उलटी जोडली होती आणि अर्धी संध्याकाळ व्हीएनएला शिव्या घातल्या. असो.

सरळ केल्यावर ५० मेगाहर्ट्झला ७२० वॅट, २५ अँपिअर, ५८ टक्के. मी खुर्चीतून उठून नाचले, खोटं कशाला सांगू. आणि मग फुशारकीने १.८ मेगाहर्ट्झ लावून बघितलं. ३४ अँपिअर, ७०० वॅट, आणि फेराइटला बोट लावलं तर चटका. पांघरूण परत सरकलं होतं.

कारण फेराइट मी ५० ला आवडेल असं घेतलं होतं, ६१ नंबरचं मटेरियल, त्याची परमिॲबिलिटी (चुंबकीय क्षेत्र साठवायची क्षमता) १२५. वर तोटा कमी, पण खाली त्याचा इंडक्टन्सच पुरत नाही. नियम असा की सर्वात खालच्या फ्रिक्वेन्सीला वाइंडिंगची रिॲक्टन्स लोडच्या चार-पाच पट तरी हवी, म्हणजे १.८ मेगाहर्ट्झला ५० ओहमच्या बाजूने बघितलं तर १८ ते २२ मायक्रोहेन्री. माझ्याकडे त्याच्या निम्मेही नव्हते, आणि शिवाय तेवढंच व्होल्टेज असताना १.८ ला फेराइटमधला फ्लक्स ५० च्या तुलनेत २८ पट असतो. आधीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ४३ नंबर होतं, परमिॲबिलिटी ८००, त्याला १.८ सोपं जातं पण ५० ला ते इंडक्टर कमी आणि रेझिस्टर जास्त, आणि त्याचा क्युरी पॉइंट १३० डिग्रीच्या जवळपास, एकदा तिथे पोचलं की फेराइटचं फेराइटपण संपलं आणि क्षणात ट्रान्झिस्टरसमोर भलताच लोड उभा. कोॲक्सची लांबी वाढवून फेरे वाढवावेत तर वरचं टोक बिघडतं.

शेवटी मधली वाट काढली, त्याच कोॲक्सवर काही नळ्या ४३ च्या आणि काही ६१ च्या, एकामागे एक. खाली ४३ भार घेतो, वर ६१ मदतीला येतो, फक्त ५० ला ४३ च्या नळ्या स्वतःचा वाटा उष्णतेत खातातच, त्यामुळे त्यांच्यावर हवा सोडणं भाग आहे. आता १.८ ला २७ अँपिअरवर ८०० वॅट, ५० ला साडेचोवीसवर ६६०, आणि मधले सगळे बँड आधीसारखेच साडेआठशे-नऊशे. मला विचाराल तर एकाच ट्रान्सफॉर्मरने १.८ ते ५४ मेगाहर्ट्झ, तेही किलोवॅटभर, स्वच्छ करतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती मी आता फक्त एफिशियन्सीचा आकडा शोधत वाचते, आणि तो आकडा बहुतेक दिलेलाच नसतो. ज्याला ६ मीटर मनापासून करायचंय त्याने वेगळा बोर्ड करावा, डिव्हाइस तोच चालेल.

फिल्टरचं थोडक्यात सांगते कारण त्यात नवल काही नाही, फक्त कष्ट आहेत. पुश-पुलमध्ये सम हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, चौपट असे नको असलेले सिग्नल) बरेच दबतात पण तिसरा फक्त दहा-पंधरा डीबी खाली असतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक बँडला फिल्टर हवाच. ५० ला करंट तांब्याच्या वरच्या ९ मायक्रॉनमध्येच वाहतो, १.८ ला ४९ मायक्रॉन असतात, म्हणून ६ मीटरच्या फिल्टरची कॉइल मी जाड, घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या नळीची केली. आणि रिले. एचएफमध्ये जो रिले बिनबोभाट चालायचा त्याच्या पायांमधला इंडक्टन्स ५० ला एसडब्ल्यूआर १.३ करतो, त्याला दोन्ही बाजूंना दहा-बारा पिकोफॅरड लावून शांत केलं.

सध्या झाकण उघडं ठेवूनच चालवतेय, कारण झाकण लावलं की ५० ची पॉवर तीस वॅटने बदलते. कोॲक्सचे तुकडे झाकणाच्या फार जवळ आहेत बहुतेक. या आठवड्यात झाकणाचे खांब दोन सेंटिमीटर उंच करून बघणारे.